कनकाचा उजवा डोळा

चेन्नईतल्या मराठी घरांत हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "सर्फिंग शिकवते." एकदा एका बाईंनी फार कौतुकानं विचारलं, "म्हणजे इंटरनेटवरचं ना? आमच्या सासूबाईंना शिकवाल का?" मी हो म्हणाले. सासूबाई आल्या असत्या तर मी त्यांना खरंच समुद्रात नेलं असतं.

पंधरा वर्षं मी हे काम केलं. यंदा गुडघ्यानं थांबवलं. या कामाविषयी काहीतरी लिहा असं सांगणं आलं, तेव्हा आधी गमतीच आठवल्या. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवूनच पाण्यात शिरलेला, शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपनीतला मुलगा. बोर्डवर उभं राहिल्याचा फोटो निघेपर्यंत लग्नाला होकार न देणारी मुलगी. पण कागद पुढे घेतला आणि कनकाच डोळ्यांसमोर येऊन बसली. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचेना. मला तिचा मत्सर वाटायचा. हेवा म्हणत नाही मी. हेवा हा शब्द त्या मानानं गोड आहे.

मी मूळची कोल्हापूरची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडिलांनी विहिरीत ढकललं, तिथं पोहायला शिकले. लग्न होऊन चेन्नईला आले. आमच्या ह्यांची नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात. पहाटे कंपनीची बस त्यांना घेऊन जायची आणि घर मला खायला उठायचं. अड्यारच्या एका शाळेच्या तलावावर मी पोहायला शिकवू लागले. मी अडतीस वर्षांची असताना शहराच्या दक्षिणेला, एका कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर सर्फिंगची शाळा निघाली. तिचे मालक राजन सर. त्यांना बायकांना शिकवायला बाई हवी होती. पोहणं येतं, जीवरक्षकाचं प्रमाणपत्र आहे, शिकवण्याचा अनुभव आहे. त्यांनी मला घेतलं आणि आधी स्वतः सर्फिंग शिका म्हणाले.

बोर्डवर उभं राहायला मला एकवीस दिवस लागले. हा आकडा लक्षात ठेवा, कारण मी तो कधी विसरले नाही.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सर्फिंगमधला बहुतेक वेळ बोर्डवर पालथं पडून हात मारण्यात जातो. समुद्राकडे तोंड करून बाहेर जायचं, लाटांचं अंतर बघायचं, मग वळून किनाऱ्याकडे तोंड करायचं आणि मागून येणारी लाट उचलते आहे असं वाटलं की तिच्या वेगाला वेग मिळवायचा. लाटेनं बोर्ड धरलं की छातीशी दोन्ही हात टेकून एका झटक्यात उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर. पायाकडे बघितलं की पडलात. नवशिक्याला आम्ही खोल पाण्यात नेत नाही. कमरेएवढ्या पाण्यात, फुटून फेस झालेल्या लाटेवर, फोमच्या मोठ्या बोर्डवर शिकवतो, कारण ते डोक्यात बसलं तरी टेंगळावर भागतं. बोर्ड पायाला दोरीनं बांधलेलं असतं. पडताना सूर मारायचा नाही, आडवं पडायचं, आणि वर येताना डोक्यावर दोन्ही हात धरायचे. तुमचं बोर्ड कुठं आहे हे त्या वेळी फक्त बोर्डलाच माहीत असतं.

आणि स्वतःची काळजी. यावर मी रोज सकाळी पहिली पंधरा मिनिटं बोलायची. तासभर आधी दोन इडल्या खा, उपाशी येऊ नका, पोटभर तर मुळीच नको. पाण्यात असलात तरी तहान लागते, ती कळत नाही, म्हणून आधीच पाणी प्या. लांब बाह्यांचा अंगासरसा टी-शर्ट घाला. नाकावर, कानांच्या पाळ्यांवर मलम लावा. दंड आणि खांदे गरम केल्याशिवाय पाण्यात शिरू नका. बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं डोळे धुवा, डोकं एका बाजूला कलवून कानातलं पाणी काढा, कानात काडी, हेअरपिन काही घालू नका. ऊन, वारा आणि खारं पाणी यांनी डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर मांस वाढतं आणि ते हळूहळू बुबुळाकडे सरकतं. लवकर दिसलं तर थेंब आणि काळा चष्मा यांवर निभावतं; उशीर झाला तर कापावं लागतं.

हे सगळं मला पाठ होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

कनका पहिल्यांदा आली ती भांडायला. आमच्या एका मुलाचं बोर्ड किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यावरून ओढलं गेलं होतं. पदर खोचून ती राजन सरांच्या समोर उभी राहिली. "तुमची पलगै तुमच्याकडे ठेवा. जाळं माझ्या नवऱ्यानं दोन दिवस बसून शिवलंय." पलगै म्हणजे फळी. वय असेल तेहेतीस-चौतीस. नवरा होडीवर जायचा, ती मोठ्या रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन मासे विकायची. राजन सरांनी माफी मागितली. भांडण संपलं तरी ती गेली नाही. वाळूत बसून आमच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. टोपली रिकामी झाली की येऊन बसायची.

आठवड्यानंतर मला म्हणाली, "अक्का, मला एकदा पलगै द्या."

"पोहता येतं?"

ती हसली. "लहानपणी भावांबरोबर जायची. मोठी झाले तेव्हा आईनं बंद केलं. आमच्यात बायका समुद्रात जात नाहीत, समुद्राकडे बघतात."

मी तिला बोर्ड दिलं. मनात म्हटलं, दोनदा पडेल, नाकात पाणी जाईल, आपोआप समजेल. जुनी सलवार आणि नवऱ्याचा टी-शर्ट घालून ती आली. मी ढकलायला पुढे झाले तर म्हणाली, "थांबा, ही नको." ती लाट सोडली. पुढचीही सोडली. तिसरीला म्हणाली, "ही." मी ढकललं आणि ती उभी राहिली.

तिला कुणी उभं राहायला शिकवलंच नव्हतं. गुडघे वाकलेले, नजर समोर, हात असे सैल जसे काही ती डोक्यावर टोपली घेऊन बाजारातून चालली आहे. किनाऱ्यापर्यंत गेली, वाळूत उतरली आणि मागे वळून मला म्हणाली, "बरोबर होतं का, अक्का?"

मी म्हटलं, "उजवा पाय पुढे होता. चूक आहे."

खरं तर तसं काही नसतं. काहींचा डावा पाय पुढे असतो, काहींचा उजवा. ज्याला जो बरा वाटेल तो. पण मी तिला सांगितलं की डावाच पुढे हवा, नियम आहे. आणि तिनं ऐकलं. पूर्ण आठवडाभर ती डावा पाय पुढे घेण्याचा प्रयत्न करत पडत राहिली, खारं पाणी थुंकत पुन्हा उठत राहिली, आणि मी कमरेवर हात ठेवून तिला धीर देत राहिले. त्या आठवड्यात माझी झोप फार चांगली झाली. मग राजन सर एकदा बघायला उभे राहिले आणि म्हणाले, "कनका, तुझा उजवा पाय पुढे येतो, तोच ठेव की." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलची घडी घालायला लागले.

वर्षभरात राजन सरांनी तिला शाळेत घेतलं. माशांची टोपली तिनं नणंदेकडे दिली. शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर तिचे फोटो येऊ लागले. माझेही असत, पण माझ्या फोटोत मी कुणाचं तरी बोर्ड धरून उभी असे आणि तिच्या फोटोत ती लाटेवर असे. मी मोजायची. खरंच मोजायची. रविवारी सगळे गेल्यावर एकटीनं पाण्यात जाऊन सराव करायची, ती ज्या लाटा घेते त्या घ्यायला बघायची आणि आपटायची. ती लाट ओळखायची, मी लाटेचा अंदाज बांधायची. फरक एवढाच, आणि तो कुठल्याही सरावानं भरून निघत नव्हता.

सगळ्यात जास्त टोचलं ते वसंताबाईंचं. वसंताबाई अड्यारच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, एकसष्ट वर्षांच्या. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी ऐकताना माझ्या आजीची आठवण व्हायची आणि मधेच तमिळ शब्द आला की हसू यायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "उभं राहायचं नाही मला. झोपूनच जायचं." दर गुरुवारी येत. मी त्यांना फेसावर ढकलायची, त्या पालथ्या पडून डोळे मिटून किनाऱ्याला लागायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. चेन्नईत मला मराठीत बोलायला मिळणारा तो एक तास होता. माझी कितीतरी दुखणी मी त्यांना लाटांच्या मधल्या वेळात सांगितली होती.

एका गुरुवारी म्हणाल्या, "आज ती येऊ दे माझ्यासंगं."

"का हो? माझं काही चुकलं?"

"तू फार बोलतीस, बाई. ती बोलत नाही. हात लावती आणि योग्य वेळेला सोडती."

कनका पुढे झाली, तिनं वसंताबाईंचं बोर्ड धरलं, दोन लाटा सोडल्या, तिसऱ्या लाटेवर सोडलं. त्या इतक्या लांब गेल्या की वाळूवर चढून थांबल्या. मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला तिचा डोळा दिसला.

उजवा डोळा, नाकाच्या बाजूचा कोपरा. लालसर, माशीच्या पंखाएवढं मांस, टोक बुबुळाकडे. तिच्यासमोर बसून चहा पीत होते. सकाळचं ऊन तिच्या तोंडावर होतं. दिसलं आणि काय आहे ते त्याच क्षणी समजलं. रोज ज्याच्यावर बोलते तेच. तोंड उघडलं आणि म्हटलं, "आज वारा लवकर सुटेल."

उद्या सांगू असं ठरवलं. उद्या गर्दी होती. मग वाटलं, तिला दिसत नसेल का आरशात? रोजचं माझं बोलणं ऐकते, कळत नसेल का? मग वाटलं, मी काय तिची आई आहे? माणूस स्वतःला समजावायला लागला की त्याला कारणं कमी पडत नाहीत. आठ महिने मी रोज तो डोळा बघितला. तो पंख मोठा होत गेला.

मग कान. डाव्या बाजूनं हाक मारली की ती वळेना. आधी मला वाटलं, शेफारली. नंतर बघितलं की बोलताना ती मान फिरवून उजवा कान पुढे करते. मधेच केसांतली पिन काढून डाव्या कानात फिरवते. तेही कशाचं लक्षण असतं ते मला माहीत होतं. आत पाणी राहून बुरशी धरते, कान भरतो, ऐकू कमी येतं.

त्याच सुमारास राजन सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. पुढच्या हंगामापासून बायकांचा वर्ग वेगळा काढायचा होता आणि त्याला एक मुख्य प्रशिक्षक हवी होती. "दोघींपैकी कोण ते ठरवायचंय," ते म्हणाले. "पाण्यातली चाचणी घेईन. आणि डॉक्टरांचा दाखला आणा. डोळे, कान, सगळं. जबाबदारीचं काम आहे."

बाहेर आल्यावर कनका म्हणाली, "तुम्हीच होणार, अक्का. मला काय, इंग्रजी येत नाही."

"बघू या," मी म्हटलं. आणि मनात आलं, दाखल्यातच अडकेल. हे मनात आल्याचं मला नीट आठवतं. ते आल्यावर मला हलकं वाटलं, हेही आठवतं.

दाखल्याचा दिवस यायच्या आधीच तो रविवार आला.

श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यातली दहा-बारा मुलं आली होती. उंच, आडवी, पाणी म्हणजे दंगा समजणारी. वसंताबाईंनी त्या आठवड्यात गुरुवारऐवजी रविवार घेतला होता. नऊ वाजून गेले होते, वारा सुटायला लागला होता, लाटा तुटक येत होत्या. कनका कमरेएवढ्या पाण्यात वसंताबाईंचं बोर्ड धरून उभी होती. तोंड दक्षिणेकडे, डावा कान समुद्राकडे. मी तिच्यापासून पंधरा-वीस हातांवर, आणखी आत होते.

मुलांपैकी एकजण लाटेवरून पडला आणि त्याची दोरी तुटली. ते शिकाऊ बोर्ड नव्हतं. मी नको म्हणत असताना हट्टानं घेतलेलं कडक बोर्ड होतं. मोकळं सुटलेलं ते बोर्ड लाटेबरोबर टोक पुढे करून सरळ कनकाकडे निघालं.

मी ओरडले, "कनका! पलगै!"

तिनं वळून पाहिलं नाही.

माझा आवाज मोठा आहे. पोहण्याच्या तलावावर सवय झालेला आहे. किनाऱ्यावरची माणसं वळली, जाळी विणणारे म्हातारे वळले. ती वळली नाही. त्या एका क्षणात मला माहीत होतं की का वळली नाही, आणि हे तिथल्या शंभर माणसांत फक्त मला माहीत होतं. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा नुसता घसा फाटला. बोर्ड अगदी अंगावर आल्यावर तिनं तोंड फिरवलं, त्याची कड तिच्या उजव्या भुवईवर बसली आणि ती पाण्याखाली गेली.

मी पोचले तेव्हा ती उठून उभी होती. अर्धा चेहरा रक्तानं भरलेला. मी तिचा दंड धरला तर तिनं झटकला आणि हात लांब केला. "पाट्टी!" पाट्टी म्हणजे आजी. वसंताबाईंना ती तेच म्हणायची. त्यांचं बोर्ड सुटून बाहेर जाणाऱ्या ओढीत सापडलं होतं आणि त्या पालथ्या पडून, डोळे मिटून, काही झालंय हे न कळता समुद्राकडे चालल्या होत्या. मी पोहत गेले आणि त्यांना आणलं. किनाऱ्यावर येऊन पाहते तर कनका स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आलेली, वाळूत बसून कुणाच्या तरी ओढणीनं भुवई दाबून धरलेली, आणि त्या मुलाला, जो रडत होता, सांगत होती की काही झालेलं नाही.

दवाखान्यात भुवईवर सात टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात दिवा टाकला आणि थांबल्या. "डोळा वाचला आहे. पण हे मांस किती दिवसांपासून आहे? बुबुळावर चढलंय. नजर कमी झाली नाही का?" मग कानात बघितलं. "आणि इथं तर काहीच ऐकू येत नसेल."

कनका म्हणाली, "पाण्यात काम करणाऱ्यांचं असं असतं ना?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तिच्याबरोबर काम करता. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं होतं," मी म्हटलं.

"कधी?"

"आठ महिन्यांपूर्वी."

त्यांनी औषधांची चिठ्ठी लिहिली, डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल म्हणाल्या आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. कनकाचा एक डोळा पट्टीखाली होता. दुसऱ्यानं ती माझ्याकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो. रोज सकाळी मी त्याबद्दलच तर बोलते. तू ऐकत असायचीस."

"ते इंग्रजीत असतं, अक्का," ती म्हणाली. "मला वाटायचं, ती पाण्यात जाण्याआधीची तुमची काहीतरी प्रार्थना आहे."

मुलं शोळिंगनल्लूरची, कुणी पुण्याचं, कुणी दिल्लीचं, म्हणून मी इंग्रजीत बोलायची. कनकाशी बाकी सगळं तमिळमध्ये बोलायची. तेवढं एकच कधी बोलले नव्हते.

"मग मला का नाही सांगितलंत?"

मी तिला तमिळमध्ये एकच शब्द सांगितला. पोरामै. मत्सर. मराठीत हा शब्द मी आयुष्यात स्वतःबद्दल वापरला नव्हता. परक्या भाषेत तो तोंडातून निघाला.

तिनं औषधांच्या चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाली, "तुम्ही त्या मुलांना शेवटी काय सांगता? बाहेर आल्यावर काय करायचं?"

"गोड्या पाण्यानं डोळे धुवायचे. डोकं धुवायचं."

"कुठल्या गोड्या पाण्यानं? आमच्या गल्लीत पाण्याची लॉरी दिवसाआड येते. घागरी भरल्या की त्यातलं पाणी डोळ्यांत घालू की भातात?"

"शाळेत शॉवर आहे की."

"त्यावर लिहिलंय, विद्यार्थ्यांसाठी. तेवढं इंग्रजी मला राजन सरांनी वाचून दाखवलं होतं, पहिल्या दिवशी."

मी त्या शॉवरखाली सगळी वर्षं अंघोळ केली होती. ती पाटी माझ्यासाठी आहे असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि मला कुणी अडवलंही नव्हतं.

"तुम्ही ओले केस पुसत बाहेर यायचात ना," कनका म्हणाली, "तेव्हा मलाही व्हायची. पोरामै." आणि उठून गेली. बसस्टॉपपर्यंत मी बरोबर चालले, पण ती बोलली नाही. पुढे सहा आठवडे बोलली नाही.

मुख्य प्रशिक्षक मी झाले. खोटं कशाला सांगू, पत्र हातात आल्यावर पहिला अर्धा दिवस मला आनंद झाला. हे माझ्यात कुठून येतं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी राजन सरांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं, उजव्या पायापासून. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमची जागा काढून घेऊ असं म्हणता?"

"नाही. हा हंगाम मी करते, ती पाण्यात उतरू शकत नाही तोवर. पुढच्याला तिला विचारा. आणि ती पाटी आज काढा."

पाटी त्यांनी स्वतः उतरवली. खजील झाले होते, कारण ती त्यांनीच लावली होती.

कनकाचं ऑपरेशन झालं. कान साफ व्हायला महिना लागला. डोळ्यात थेंब घालायला तिची नणंद होती, मी नको होते. पण एका सकाळी काळा चष्मा लावून, डोक्यावर रुंद टोपी घालून ती किनाऱ्यावर आली आणि माझ्यापासून दूर बसली. मी माझा वर्ग घेत होते. एका मुलीला मी ढकलणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "ती नको, अक्का. पुढची." मी थांबले. पुढच्या लाटेवर ती मुलगी उभी राहिली. बोलणं सुरू झालं ते असं.

पुढच्या हंगामात ती मुख्य झाली आणि मी तिच्या हाताखाली. लोक म्हणायचे, किती मोठं मन. मोठंबिठं काही नव्हतं. तिच्या वर्गाची नावं माझ्या वर्गाच्या दुप्पट भरायची आणि मी यादी वाचताना अजून मोजायची.

सकाळचं बोलणं तिनं स्वतःकडे घेतलं. तमिळमध्ये. ज्यांना तमिळ येत नाही त्यांच्यासाठी मी शेजारी उभी राहून इंग्रजी करायचं असं ठरलं. ती इडलीचं सांगायची, मी सांगायची. कानाचं सांगायची, मी सांगायची. माझ्या बोलण्याला इतक्या वर्षांत कुणी हसलं नव्हतं. तिच्याला लोक हसायचे, आणि इंग्रजीत आणल्यावरही हसायचे, म्हणजे गंमत तिचीच असणार.

एका सकाळी बोलणं संपत आल्यावर तिनं चष्मा काढला आणि उजवा डोळा दाखवला. पांढऱ्या भागावर अजून पुसटसा व्रण आहे. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यात मांस वाढलं होतं. मला दिसलं नाही, कारण स्वतःचा डोळा स्वतःला नीट दिसत नाही. म्हणून तुमच्याबरोबर जो पाण्यात जातो त्याचे डोळे बघत जा."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"या अक्कांना दिसलं होतं. आठ महिने त्या बोलल्या नाहीत, कारण त्यांना माझा मत्सर वाटत होता."

मी म्हटलं, "आणि बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं डोळे धुवा."

वीस-बावीस मुलं समोर उभी होती. ती हलली, पाण्याकडे निघाली. कनका जागची हलली नाही. एव्हाना तिला आमच्या धंद्यापुरतं इंग्रजी कळायला लागलं होतं.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "एक वाक्य राहिलं."

मी मुलांना परत बोलावलं आणि ते वाक्य सांगितलं. कुणी हसलं नाही. एका मुलीनं शेजारच्या मुलीचे खांदे धरून तिला उन्हाकडे वळवलं आणि तिच्या डोळ्यांत बघायला लागली. मग दुसऱ्या दोघी. मग मुलगे, लाजत लाजत. कनका त्यांच्यामधून फिरत एकेकाला सांगत होती, कोपऱ्यात बघ, नाकाच्या बाजूला. तिनं माझ्या हनुवटीला हात लावून माझंही तोंड वर केलं आणि दोन्ही डोळे नीट तपासले.

"तुमचे स्वच्छ आहेत," ती म्हणाली. तिच्या आवाजात कुठं तरी थोडी चिडच होती, असं मला वाटलं.